ई२० पेट्रोल: आठ वर्षं जुनी बाईक आणि नवी कार, दोन्हीवर वर्षभर वापरून लिहितोय

लोक मिक्सरचा, मोबाईलचा, चप्पलचा रिव्ह्यू लिहितात पण ज्या वस्तूवर आपण महिन्याला दोन-चार हजार घालवतो त्या पेट्रोलचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही, कारण त्यात निवडायला काही नसतंच, पंपावर जायचं, पोरगा म्हणतो झिरो बघा, आपण झिरो बघायचं आणि निघायचं. मी पण इतकी वर्षं तेच केलं. पण गेल्या वर्षभरात या ई२० ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलने, माझ्या दोन गाड्यांचं काय केलं ते वहीत लिहून ठेवलंय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. मोठं होणार आहे, ज्यांना फक्त ॲव्हरेजचं बघायचंय त्यांनी पुढचे तीन पॅरा वाचले तरी चालतील.

आधी माझं सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हा कुठल्या तरी बाजूचा आहे. आमचं गाव पलूस भागातलं, घरी साडेतीन एकर ऊस, आबा अजून स्वतः शेतात जातात. मी मिरजेला नोकरीला, रोज जाऊन येऊन ७० किलोमीटर बाईकवर. बाईक २०१७ ची, कार्ब्युरेटरवाली. घरात २०२४ ला घेतलेली पेट्रोल कार पण आहे, तिच्या टाकीच्या झाकणाच्या आत ई२० चा स्टिकर आहे. म्हणजे ज्या उसातून हे इथेनॉल निघतं तो ऊस आमचा, आणि ज्या टाकीत ते जातं ती टाकी पण आमचीच. दोन्हीकडचं दुखणं मला माहितीय.

ॲव्हरेज मी टाकी फुल ते टाकी फुल असंच काढतो, मीटरवर दाखवतं ते धरत नाही. बाईक ई१० (दहा टक्के इथेनॉल) च्या काळात, म्हणजे २०२२-२३ ला, ५८ ला जायची. एखाद्या वेळी ५९, पावसाळ्यात ५७. रस्ता तोच, वजन तेच, चालवणारा पण मीच. २०२५ मधे ते ५४-५५ वर आलं. मला आधी वाटलं इंजिन थकलं असेल, चेन-स्प्रॉकेट बदललं, टायरची हवा बघितली, एअर फिल्टर नवा टाकला, काही फरक नाही. मग कळलं की पंपावरचं पेट्रोलच बदललंय. ते कधी बदललं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पंपावर नळीच्या खाली एक बारीक स्टिकर होता, तो पण अर्धा निघालेला, वर मोठ्या बोर्डावर नुसतं 'पेट्रोल' आणि भाव. नंतर मिस्त्रीकडून कार्ब्युरेटर नीट सेट करून घेतल्यावर गाडी ५५.५ पर्यंत आली आणि तिथंच थांबलीय.

म्हणजे ५८ चे साडेपंचावन्न, चार टक्के. ऐकायला थोडं वाटतं. माझं महिन्याला १७५० किलोमीटर होतं, त्याला आधी तीस लिटर लागायचं, आता साडेएकतीस. २०२५ च्या १०४ रुपयांच्या भावाने महिन्याला १४० रुपये जास्त, वर्षाला सतराशेच्या आसपास. सतराशे रुपयात बाईकच्या दोन सर्व्हिसिंग होतात. आणि हे माझं एकट्याचं झालं, आमच्या गावातून एमआयडीसीला असे शंभर-दीडशे पोरं बाईकवर जातात.

हे का होतं ते समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो, निदान माझा झाला. एक लिटर पेट्रोलमधे साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमधे २१. म्हणजे इथेनॉलची ताकद एक तृतीयांश कमी. वीस टक्के इथेनॉल घातलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास सात टक्के ऊर्जा कमी, आणि ई१० शी तुलना केली तर साडेतीन टक्के कमी. यात कुणी भेसळ केलेली नाही, कुणी माप मारलेलं नाही, ते त्या रसायनातच आहे. माझ्या वहीतला आकडा आणि हा हिशोब जवळपास जुळतो. नीती आयोगाचा २०२१ चा जो इथेनॉलचा रोडमॅप आहे त्यात पण हेच लिहिलंय, ई१० वर बसवलेल्या दुचाकीला ३ ते ४ टक्के आणि तशाच चारचाकीला ६ ते ७ टक्के ॲव्हरेज कमी होईल, आणि इंजिन ई२० साठीच बसवलेलं असेल तर १ ते २ टक्के. म्हणजे सरकारला हे चार वर्षं आधी माहीत होतं, कागदावर छापलेलं होतं. मग २०२५ च्या ऑगस्टमधे लोकांनी आरडाओरडा केल्यावर स्पष्टीकरणं का द्यावी लागली? पंपावर एक फळा लावून हेच तीन आकडे लिहिले असते तर एवढ्या अफवा उठल्याच नसत्या असं मला मनापासून वाटतं.

आता बाईकच्या आतलं. मिरजेत माझे एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, पस्तीस वर्षं दुचाकीच करतात. त्यांनी कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (त्यात पेट्रोल साठतं) उघडून दाखवलं. म्हणाले, "हे बघ पोरा, कार्ब्युरेटरला डोकं नसतंय. हवा जेवढी ओढली त्या हिशोबात पेट्रोल सोडतोय, संपलं. आता त्या पेट्रोलातच ऑक्सिजन आलाय, मग गाडी लीन चालणारच की." लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. नव्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्यांना, म्हणजे २०२० च्या एप्रिलनंतरच्या, कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल मोजून सोडणारं इंजेक्शन असतं आणि सायलेन्सरमधे सेन्सर असतो, तो बघतो की ऑक्सिजन जास्त दिसतोय आणि पेट्रोल वाढवतो. जुन्या गाडीला ती सोय नाही. म्हणून सकाळी थंडीत चोक ओढूनसुद्धा दोन-तीन मिनिटं गाडी गुरगुरते, सिग्नलला बंद पडते, आणि सलग चाळीस किलोमीटर मारल्यावर इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापलेलं जाणवतं. मामांनी एअर स्क्रू फिरवून मिश्रण थोडं घट्ट केलं, त्याने सिग्नलला बंद पडणं गेलं.

रबराचं मात्र खरं आहे. पेट्रोलचा पाइप कडक होऊन टोकाला चिरला होता, कॉकची ओ-रिंग फुगलेली, ती बसेना. टाकीच्या तळाला इतक्या वर्षांचा जो गाळ होता तो सुटून फिल्टरमधे आला, कारण इथेनॉल हे चांगलं सॉल्व्हंट आहे, ते साफ करतं आणि साफ केलेली घाण पुढे ढकलतं. पाइप, ओ-रिंगा, फिल्टर, कार्ब्युरेटर किट आणि मजुरी मिळून ७८० रुपये गेले. पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतः म्हटलंय की काही जुन्या गाड्यांची रबर आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात आणि ते काम स्वस्तातलं आहे. खरंय, लाखाचा खर्च नाही. पण ज्याची गाडी बारा वर्षांची आहे, जो डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजारात उतरतो, त्याला हे ७८० पण कुणी तरी आधी सांगायला पाहिजे होतं ना. पाइप चिरून पेट्रोल गरम इंजिनवर गळलं तर काय होतं ते सांगायला नको. ज्यांच्या गाड्या २०२३ च्या आधीच्या आहेत त्यांनी हा पॅरा वाचून झाल्यावर उद्याच पाइप हाताने दाबून बघा, मऊ असेल तर ठीक, काडीसारखा लागला तर बदलून घ्या.

सगळ्यात वाईट अनुभव जुलैमधला. धो धो पाऊस, नेहमीच्या पंपावर (नाव लिहीत नाही, नंतर ते नीट वागले) पाचशेचं पेट्रोल टाकलं आणि तीन किलोमीटरवर गाडी खाड खाड करून बंद. ढकलत मामांकडे नेली. त्यांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं तर खाली वेगळा थर, वर वेगळा थर. मग त्यांनी मला एक प्रयोग करून दाखवला, तो मी विसरणार नाही. खुणा असलेल्या लांब बाटलीत १०० मिली चांगलं पेट्रोल घेतलं, त्यात २० मिली पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. खाली २० मिली पाणी दिसायला पाहिजे ना? दिसलं जवळजवळ ४० मिली. वरचं पेट्रोल उतरून ८० वर. म्हणजे पेट्रोलातलं सगळं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं. (हे घरात करू नका, स्वयंपाकघराजवळ तर अजिबात नको.)

यात खरी गोम आहे. पूर्वी साध्या पेट्रोलच्या जमिनीखालच्या टाकीत चार लिटर पाणी गेलं तर ते तळाशी गप पडून राहायचं, नळीपर्यंत यायचंच नाही, आणि कर्मचारी दांड्याला पेस्ट लावून ते शोधून काढायचे. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी आधी पोटात घेतं, दिसतच नाही, आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी जातं आणि तळाचा थर एकदम जाड होतो, मग तोच थर नळीतून आपल्या टाकीत. वर जे पेट्रोल उरतं त्याचा ऑक्टेन (इंजिन ठोकू न देण्याचा गुण) पण पडतो. म्हणून ई२० विकायचं असेल तर पंपाची टाकी, झाकणं, पाइपाचे जोड पावसाळ्याआधी नीट तपासायलाच पाहिजेत आणि पाणी शोधायची पेस्ट पण इथेनॉलला चालणारी वेगळी लागते. आमच्या पंपाच्या मॅनेजरने चूक मान्य केली, पेट्रोल बदलून दिलं, मामांची मजुरी पण दिली. त्या दिवशी आमच्यासारखे अजून सात-आठ जण तिथं उभे होते.

नव्या कारबद्दल फार लिहायला नाही, कारण तिला काही झालंच नाही. २०२३ च्या एप्रिलपासून ज्या गाड्या आल्या त्यांचे पाइप, सील ई२० ला चालतील असेच आहेत. शहर-गाव मिळून १६-१७ देते, पिकअप चांगला, सांगलीहून कराडला जाताना चढाला पाचव्या गिअरमधे पण इंजिन ठोकत नाही. हे इथेनॉलचं देणं आहे, त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो त्यामुळे ई२० चा ऑक्टेन ९५ पर्यंत जातो. इंजिन त्या हिशोबाने बनवलं तर गेलेलं थोडं ॲव्हरेज परत पण मिळवता येतं. नवी गाडी असलेल्यांनी उगाच घाबरू नये हे मी ठामपणे सांगतो, व्हॉट्सॲपवर इंजिन फुटल्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यातल्या एकाही गाडीचं मूळ कारण कुणी दाखवत नाही.

मग माझी तक्रार कुठं आहे? विकायच्या पद्धतीत आहे.

वीस टक्के इथेनॉल घातलेलं, ई१० पेक्षा साडेतीन टक्के कमी ताकदीचं इंधन मला त्याच भावात मिळतंय. दुधात फॅट कमी लागली तर डेअरीवाला आमचा दर कापतो, उसाचा उतारा (उसातून निघणारी साखर) कमी आला तर एफआरपी (उसाला सरकारने ठरवलेला किमान दर) त्या हिशोबात बसते, सगळीकडे मालाच्या कसावर भाव आहे, फक्त पेट्रोलमधे नाही. त्याच रोडमॅपमधे असंही सुचवलं होतं की ॲव्हरेज कमी होणार म्हणून ग्राहकाला करात सवलत द्यायचा विचार करावा, आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० पंपावर ठेवायचा विचार पण त्यात होता. वीस टक्क्यांचं टार्गेट आधी २०३० चं होतं, २०२२ मधे धोरणात दुरुस्ती करून ते २०२५-२६ वर आणलं, आणि गाठलं पण २०२५ मधेच. टार्गेट पाच वर्षं आधी आणलं, सवलत मात्र आलीच नाही आणि ई१० ची नळी पण गेली. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली, म्हणजे आता हा विषय सरकारच्या आणि आपल्या चर्चेतूनच सुटणार.

सरकारचं म्हणणं पण सांगतो, अर्धवट सांगणं बरोबर नाही. मंत्रालय म्हणतं की इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही, जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१.३२ रुपये लिटर पडत होतं, रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा जास्त, मग भाव कमी कुठून करणार. मक्याच्या इथेनॉलला ७१.८६, उसाच्या रसाच्याला ६५.६१, बी-हेवी मळीच्याला (जिच्यात थोडी साखर शिल्लक असते) ६०.७३ असे दर २०२४-२५ ला होते. हिशोब खरा आहे. पण भाव कमी करायला इथेनॉलच स्वस्त पाहिजे असं कुठंय, लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क आहे, राज्याचा व्हॅट आहे, त्यातले तीन-साडेतीन रुपये ई२० साठी सोडता येतील. परकीय चलन वाचलं त्याचा फायदा देशाला झाला, दहा वर्षांत १ लाख ४४ हजार कोटी वाचले असं मंत्रालयच सांगतं, आणि मला त्याचा आनंद आहे, आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. पण त्या वाचलेल्यातला वाटा ज्याच्या टाकीत हे जातं त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात म्हणून तिथली पद्धत नीट बघितली. त्यांनी १९७५ मधे सुरू केलं, म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून पेट्रोलमधे ३० टक्के केलं. सक्ती तिथंही आहेच. पण तिथं त्याच पंपावर दुसऱ्या नळीला इथेनॉल वेगळं मिळतं, वेगळ्या भावात. २००३ पासून फ्लेक्स फ्युएल गाड्या आल्या, त्या दोन्हीवर चालतात. आणि तिथला साधा माणूस पंपावर उभा राहून तोंडी हिशोब करतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, वर असेल तर पेट्रोल. सत्तर टक्के कुठून आलं तर त्याच ऊर्जेच्या आकड्यातून. म्हणजे लोकांना माहिती दिली, पर्याय दिला, आणि लोकांनी स्वतः शहाणपणाने वापरलं. आपल्याकडे पुण्यातच २०२१ च्या ५ जूनला तीन पंपांवर ई१०० चा (म्हणजे जवळपास नुसत्या इथेनॉलचा) पायलट सुरू झाला होता, तो धागा तसाच वाढवत नेला असता तर आज माझ्यासारख्याला एवढं लिहायची गरज पडली नसती.

आता घरातलं भांडण. मी हे सगळं आबांना सांगितलं तर आबा भडकले. म्हणाले, "आरं, तुझं दीडशे रुपय गेलं म्हणून वरडायला लागलायस, आमचं बिल सा-सा म्हयनं अडकत हुतं तवा काय केलंस?" आणि ते खोटं नाही. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचा कायदा १९६६ पासून आहे, पण आम्ही लहान होतो तेव्हा शाळेच्या फीची तारीख आणि कारखान्याच्या बिलाची तारीख कधी जुळलीच नाही. साखर गोदामात पडून, भाव पडलेला, कारखाना म्हणणार पैसे नाहीत. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून वर्षानुवर्षं किलोला ३१ रुपयांवर अडकून राहिली आणि उसाची एफआरपी दरवर्षी वाढत २०२५-२६ ला ३५५ रुपये क्विंटल झाली, मग कारखान्याने मधलं अंतर कशातून भरायचं? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन आठवड्यांत येतात, साखर विकायची वाट बघावी लागत नाही. कारखान्याची इथेनॉल काढायची डिस्टिलरी झाल्यापासून आमचं बिल वेळेवर येतं हे मी डोळ्याने बघितलंय.

आणि आमच्या भागाचा यात पहिल्यापासून हात आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. देशात पेट्रोलमधे इथेनॉल मिसळायचा पहिला पायलट २००१ ला झाला तो मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेली भागात. तेव्हा पाच टक्के होतं. २०१४ पर्यंत देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळली होती, ती २०२२ च्या जूनमधे दहा आणि २०२५ मधे वीस झाली. इतकं मोठं काम दहा वर्षांत करून दाखवणं सोपं नाही, कारखाने, डिस्टिलरी, टँकर, डेपो सगळं उभं करावं लागलं. त्याचं कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही.

मी आबांना एवढंच म्हटलं, "आबा, तुमचं बिल वेळेवर आलंच पाहिजे, पण ते न सांगता दुसऱ्याच्या टाकीतून का काढायचं?" ते गप्प बसले, मग म्हणाले, "सांगायला पायजेल, हे खरं हाय."

पण मिरज म्हटलं की मला दुसरी गोष्ट पण आठवते आणि ती आठवली की घशात अडकतं. २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते याच मिरजेतून. पायलटवालं मिरज आणि पाण्याच्या ट्रेनचं मिरज एकच. नीती आयोगाच्याच अहवालात आकडा आहे, उसापासून एक लिटर इथेनॉल काढायला शेतातलं धरून २८६० लिटर पाणी लागतं. माझ्या बाईकमधे पाच लिटर टाकलं की त्यात एक लिटर इथेनॉल, ते उसाचं असेल तर त्यामागे तीन टँकर भरतील एवढं नाही पण आमच्या घरावरच्या तीन मोठ्या टाक्या रिकाम्या झाल्या. कृष्णाकाठी आम्हाला ते जाणवत नाही, पण जत-आटपाडीला आणि मराठवाड्यात विहिरीच्या तळाशी बघत ऊस लावला जातो आणि आता इथेनॉलची हमी आल्यावर तो सोडायला कोण तयार होईल? सक्तीच्या धोरणात ठिबकची सक्ती का नाही, कमी पाण्याच्या तालुक्यात दुसऱ्या पिकाला तेवढीच हमी का नाही, हे मी आमच्या गटसचिवांना पण विचारलं, तो खालच्या माणसाच्या हातातला विषय नाही हे मला कळतं.

मका हे त्यावर उत्तर म्हणून आलं, त्याला पाणी कमी लागतं, खानदेश-मराठवाड्यातल्या लोकांना फायदा झाला तर मला आनंदच आहे. पण त्याची पण दुसरी टोकं आहेत, जो देश मका बाहेर पाठवायचा तो २०२४ मधे बाहेरून आणायला लागला आणि विट्याकडचे पोल्ट्रीवाले खाद्याच्या भावाने हैराण झाले. कोंबडी, अंडं आणि माझी बाईक एकाच कणसावर आली.

आणि धोरण किती हलतं ते बघा. कारखान्यांना व्याजात सवलत देऊन डिस्टिलऱ्या उभ्या करायला लावल्या, आणि ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल बंद, कारण पाऊस कमी आणि साखर महागायची भीती. आठवड्याभरात थोडी ढील दिली, पूर्ण बंदी उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. २०२५-२६ ला बंधनं नव्हती, पण तेल कंपन्यांना लागणार होतं सुमारे १०५० कोटी लिटर आणि देशभरातून देऊ केलं १७७६ कोटी लिटर, आणि कंपन्यांनी जे मंजूर केलं त्यात साखरेच्या बाजूचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास. बाकी धान्य. म्हणजे ज्या उसवाल्याच्या नावाने हे सगळं विकलं जातं त्याची डिस्टिलरी पुन्हा अर्धं वर्ष थंड. म्हणून आता ई२७, ई३० च्या गोष्टी निघतायत. माझी कळकळीची विनंती आहे की ते करायच्या आधी ई१० ची एक नळी परत आणा, भाव ताकदीप्रमाणे लावा, जुन्या गाड्यांची किट कंपन्यांना ठराविक किमतीत द्यायला लावा, मग खुशाल तीस करा. पानिपतला २०२२ पासून भाताच्या पेंढ्याचं इथेनॉल बनवायचा कारखाना आहे, आमच्याकडे उसाचं पाचट शेतात जाळतात, त्याला एक थेंबही जास्तीचं पाणी लागणार नाही, ते आधी का नको?

स्टार द्यायचे तर असे देतो. २०२३ नंतरच्या गाडीसाठी ५ पैकी ४. इंजेक्शनवाल्या पण त्याआधीच्या गाडीसाठी ३, मित्राच्या गाडीचा अनुभव धरून. माझ्या कार्ब्युरेटरवाल्या बाईकसाठी अडीच. आणि ज्या तऱ्हेने ते विकलं जातं त्याला १.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा राहते आणि ओल तिथूनच पेट्रोलात उतरते, कार्ब्युरेटर असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे चेंबर कोरडं होतं. मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच कडेच्या, पाणी साचणाऱ्या पंपावर टाकू नका. शंका आली तर पंपावर पाण्याची पेस्ट लावून दांडा बघायला मागा, पाच लिटरचं माप आणि फिल्टर पेपर जसं मागतो तसंच, लाजायचं नाही. बिल घ्या, माझं बिल होतं म्हणून पैसे परत मिळाले. आणि प्रत्येक पंपावर तक्रारीची वही असते, ती मागितली की द्यावी लागते. मी गेल्या सोमवारी त्यात लिहून आलो, बोर्डावर भावाच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'ई२०' लिहा आणि जुन्या गाड्यांना ॲव्हरेज किती कमी मिळेल ते खाली लिहा. माझ्या आधी त्या पानावर सगळ्या हवेच्या मशीनच्या तक्रारी होत्या. माझ्यामागे एक रिक्षावाले काका उभे होते, त्यांनी वाचलं आणि माझ्याच पेनने खाली सही केली.